क्लायंटला पटवण्याआधी

आमच्या व्यवसायात 'क्लायंटला पटवणं' ही एक स्वतंत्र विद्या समजली जाते. वेबसाइट कशात बांधायची हे ऑफिसात आधीच ठरलेलं असतं. मीटिंग होते ती फक्त होकार मिळवायला. ही पद्धत मला उफराटी वाटते. प्लॅटफॉर्मचा प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा मालकीचा जास्त आहे. आपण निघून गेल्यावर ती साइट कोण चालवणार, यावर तो सुटायला हवा.

समजा, तासगावचा एक बेदाणा व्यापारी आहे. त्याला हवीत दहा-बारा पानं: मालाची प्रत, भाव, फोटो, फोन नंबर. भाव दिवसातून फार तर एकदा बदलणार आणि तो बदलणार दुकानातले दिवाणजी. अशा माणसासमोर रिॲक्ट, नोड आणि मायक्रोसर्व्हिसेसच्या स्लाइड लावल्या जातात. 'स्केलेबल' हा शब्द चार वेळा येतो. रिॲक्ट वाईट नाही. पोटापाण्यासाठी मी रोज तेच लिहिते. पण २०१३ साली फेसबुकने ते सर्वांसाठी खुलं केलं, त्यामागची गरज होती क्षणाक्षणाला हलणाऱ्या पडद्यांची. बेदाण्याच्या भावाला त्याचं काय?

याच कामाला वर्डप्रेस सुचवलं की टीममध्ये नाकं मुरडली जातात. जुनाट म्हणे. आहेच जुनं: वर्डप्रेस २००३चं, त्याखालची पीएचपी १९९५ची. पण आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. म्हणजे उद्या आम्ही फोन उचलला नाही, तर दुरुस्तीला माणूस सांगली-मिरजेतही मिळेल. याउलट गूगलचं अँग्युलरजेएस पाहा. २०१०मध्ये आलं, २०१६मध्ये त्याच नावाची नवी, जुन्याशी न जुळणारी आवृत्ती आली आणि २०२१ संपताना जुन्याचा सपोर्ट बंद झाला. मोठ्या कंपन्यांनी पुन्हा लिहून घेतलं असेल. व्यापाऱ्याने तोच खर्च दुसऱ्यांदा का करावा?

'वर्डप्रेस हॅक होतं' हा आक्षेप खरा आहे. पण बहुतेक भोकं प्लगइनमध्ये सापडतात, आणि तीस प्लगइन टाकून अपडेट विसरणारे आम्हीच असतो. मोजके प्लगइन, वेळच्या वेळी अपडेट आणि बॅकअप एवढी शिस्त पाळली तर धोका पुष्कळ कमी होतो. आणि वर्डप्रेस हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध नाही. उद्या याच व्यापाऱ्याला ऑनलाइन सौदे काढायचे असतील, बोली सेकंदासेकंदाला वर चढणार असेल, तर मी स्वतःच त्याला सांगेन की वर्डप्रेस नको. शॉपिफायसारखी भाड्याची सोयही वाईट नाही; फक्त भाडं थांबलं की दुकान बंद होतं, हे आधी सांगायला हवं.

मग महागडा पर्याय का पटवला जातो? कारण उघड आहे. दोन आठवड्यांच्या कामाचं बिल तीन महिन्यांच्या बिलापेक्षा लहान असतं, आणि पुढच्या नोकरीच्या बायोडेटावर 'वर्डप्रेस' शोभत नाही. आमच्या हौसेचं आणि बढतीचं शिक्षण क्लायंटच्या पैशांवर चालतं. वर त्यालाच 'काही कळत नाही' म्हणायचं! खोक्यात हात घालून मालाची प्रत सांगणाऱ्या माणसाला व्यवहार कळत नाही, हे मला तरी मान्य नाही. त्याला कोणते प्रश्न विचारायचे ते कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

म्हणून ते इथे लिहिते. डोमेन कुणाच्या नावावर आहे? कोड, पासवर्ड आणि बॅकअप माझ्या हातात कधी येणार? भाव आमचे दिवाणजी तुम्हाला फोन न करता बदलू शकतील का? तुम्ही हे काम सोडलंत तर दुसरा माणूस किती दिवसांत मिळेल? दरवर्षी खर्च किती? मीटिंगला बसाल तेव्हा स्लाइड सुरू होण्याआधी हे पाच प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी मागा.