चमचाभर औषध आणि रात्रभर जागी आई

बाळ तान्हे असताना दूध टाकते, गुळण्या टाकते, आईचा पदर भिजवते. घरातल्या वडीलधाऱ्या बाया म्हणतात, काही नाही, मोठे झाले की थांबेल. बहुतेक वेळा त्यांचे खरे ठरते. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. गिळलेले अन्न वर येऊ नये म्हणून ते आवळलेले राहते. तान्ह्या बाळात हे कडे कच्चे असते, बाळ दिवसभर आडवे असते आणि पोटात सगळे पातळच असते. त्यामुळे दूध वर येते. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वांत जास्त होते. मूल बसू लागले, घट्ट खाऊ लागले की कमी होत जाते, आणि वर्ष भरता भरता दहातल्या नऊ मुलांचे आपोआप थांबते.

प्रश्न उरतो तो दहाव्या मुलाचा.

हे मूल दीड वर्षाचे झाले, चालू लागले, तरी त्याला आंबट ढेकर येतात, जेवण वर येते. झोपल्यावर तास-दोन तासांत ते किंचाळून उठते, पाठ ताणून मागे वाकते, तोंडात काही आल्यासारखे पुन्हा पुन्हा गिळते. सकाळी आवाज बसलेला असतो आणि अंथरुणाला आंबूस वास येतो. रात्रीतून चार-पाच वेळा हे होते. मी बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढली. अशा मुलाला घेऊन येणारी आई बाकावर बसल्या बसल्या झोपी जाताना कितीदा तरी पाहिले. मुलाचे वजन होई, घसा पाहिला जाई. आईला मात्र एकच प्रश्न विचारला जाई, "काय खाल्लंत तुम्ही?"

या प्रश्नात आरोप आहे. घरी तोच आरोप अधिक उघडपणे होतो. तुझ्या दुधात दोष आहे, तू थंड खाल्लेस, तू ढेकर काढला नाहीस, तू सारखी कडेवर घेतेस म्हणून त्याला सवय लागली. दीड वर्षाच्या मुलाचे अन्न वर येणे हा आईच्या वागण्याचा परिणाम नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. अंगावरचे दूध तोडा म्हणजे थांबेल, हा सल्लाही चुकीचा आहे. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही अंगावर पाजावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अन्न वर येते म्हणून पाजणे बंद करण्याचे कारण नाही.

आरोपानंतर उपाय सुरू होतात. पहिला उपाय दृष्ट काढण्याचा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असलेल्या घरातही मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली जाते, हे आपण एकमेकांना सांगत नाही इतकेच. मीठ-मोहरीने मुलाच्या अंगाला अपाय होत नाही, पण दवाखान्यात जायचे दोन महिने त्यात जातात. दुसरा उपाय जायफळाचा. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाने मूल झोपते हे खरे, कारण जायफळात गुंगी आणणारी द्रव्ये असतात. आज दोन वळसे, उद्या चार, असे करत मात्रा वाढते आणि मग ते विषासारखे काम करते. गिरण्यांच्या काळात मुंबईच्या चाळींतून कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बारीक गोळी देत असत. मूल दिवसभर निपचित पडे आणि पाळीचे काम होई. त्या बायांना दुसरा मार्ग नव्हता. आज आपल्यापाशी मार्ग आहेत, तरी झोपवण्याचे औषध शोधण्याची खोड गेलेली नाही.

आता त्या गोळीची जागा औषधाच्या दुकानातल्या बाटलीने घेतली आहे. सर्दीचे औषध दिले की पोर गाढ झोपते, हा शोध प्रत्येक वस्तीत कुणाला तरी लागलेला असतो. क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रिन असलेली सर्दीची एकत्रित औषधे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. पण बाटलीवरची बारीक अक्षरे रात्री दोन वाजता कोण वाचतो?

ॲसिडिटीच्या औषधांबद्दल जरा सविस्तर बोलतो. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल यांसारखी औषधे जठरातले आम्ल कमी करतात. अन्न वर येणे ती थांबवत नाहीत. वर येणारे कमी आंबट होते, एवढेच. अन्ननलिकेला जळजळ किंवा जखम झाली असेल तर त्यांचा खरोखर उपयोग होतो. म्हणून डॉक्टर ती चार ते आठ आठवडे देतात आणि मग मुलाला पुन्हा पाहतात. आपल्याकडे घोटाळा होतो तो या "पुन्हा पाहण्यात". जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच बाटली सहा-सहा महिने आणली जाते. जठरातले आम्ल उगाच नसते, ते जंतू मारते. ते फार दिवस दाबून ठेवले की जुलाब आणि छातीचे संसर्ग होण्याचा धोका वाढतो. डॉम्पेरिडोन हे तर उलटीवर सर्रास दिले जाते. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१४ साली त्याचा वापर केवळ मळमळ-उलटीपुरता आणि साधारण आठवडाभरापुरता मर्यादित केला. छातीतल्या जळजळीसाठी ते वापरू नये असे सांगितले. औषधे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने बंदही करू नये. पण कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायचे हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नये. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

माझ्या मते औषधापेक्षा घरातली संध्याकाळ आधी तपासावी. आपल्या घरांतून दीड-दोन वर्षांच्या मुलाची संध्याकाळ कशी जाते? पाच वाजता चहात बुडवलेले बिस्कीट. सात वाजता वडील किंवा काका कामावरून येताना आणतात ते वेफर्स किंवा फरसाण. मग भूक मेलेली, म्हणून जेवण नऊ-साडेनऊला, टीव्हीसमोर, मागे लागून भरवलेले. त्यावर पोट भरले की नाही या शंकेने झोपताना बाटलीभर म्हशीचे दूध, तेही आडवे करून. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश जवळजवळ दुप्पट असतो आणि स्निग्ध अन्न जठरात जास्त वेळ राहते. भरलेले जठर आणि आडवे शरीर, मग वर आले तर नवल काय? वर्षावरच्या मुलाला दिवसभरात चारशे-पाचशे मिली दूध पुरेसे आहे. त्याहून जास्त दिले की मूल भाकरी-वरण खात नाही, शौचाला खडा होतो, रक्तातले लोह घटते. साचलेल्या शौचाने पोटावर दाब वाढतो आणि वर येणे वाढते. लोह कमी असलेल्या मुलाची झोपही चाळवलेली असते.

म्हणून जेवण सातच्या सुमारास, थोडेसे आणि बसून. जेवण आणि झोप यांत दीड-दोन तास जाऊ द्यावेत. दूध हवे तर त्या आधी, कपाने. बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय मोडायला आठवडाभर रडारड होते, हे आधीच धरून चालावे. तिने दातही किडतात. पोट भरल्यावर लगेच झोळीत टाकू नये, कारण झोळीत अंग दुमडते. दोन-तीन उशा रचून त्यावर झोपवले तरी मूल खाली घसरते आणि पोट तसेच दुमडते. घरात वर्षाखालचे बाळही असेल तर ते कितीही दूध टाको, त्याला उताणे, सपाट आणि उशीशिवायच झोपवावे. आणि घरातली बिडी-सिगारेट. धुराने अन्ननलिकेचे ते कडे सैल पडते आणि मुलाची छातीही धरते. एका खोलीच्या घरात दाराशी उभे राहून ओढली म्हणजे धूर बाहेर गेला, ही पुरुषांची समजूत आहे.

दर रात्रीचे रडणे आम्लामुळेच असते असेही नाही. दीड-दोन वर्षांचे मूल दाढा येताना उठते, आई जवळ नाही म्हणून उठते, दुपारी पाच वाजेपर्यंत झोपले म्हणून उठते. या वयात दिवसाची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. ती दिवसाच जास्त झाली तर रात्री उरणार कुठून? उचलून घेताच शांत होऊन खेळू लागणारे मूल आणि उचलल्यावरही पाठ ताणून रडणारे, गिळणारे, खोकणारे मूल यांत फरक आहे. तो ओळखायचा तर वही ठेवावी. पोरांच्या जुन्या वहीची मागची पाने चालतील. सात रात्री लिहावे: काय खाल्ले, किती वाजता, कधी झोपले, कधी उठले, काय झाले, कशाने शांत झाले. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या बहिणीकडून किंवा भावाकडून सकाळी लिहून घ्यावे. अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली की दोन मिनिटांच्या तपासणीतही नेमके बोलता येते. एखादे वेळी वहीत दिसते की दुधाच्या पदार्थांनंतरच त्रास होतो, अंगावर पुरळ येते, शौचात शेंब पडते. मग डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर, दुधाची बिस्किटे बंद करून पाहतात आणि पुन्हा सुरू करून खात्री करतात. हे आपल्या मनाने महिनोन्‌महिने करू नये. गाईचे सोसत नाही म्हणून शेळीचे देण्यातही अर्थ नाही, दोन्हींतली प्रथिने बरीच सारखी असतात.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीची रेघ काढली जाते. ते कार्ड पेटीत जपून ठेवण्यासाठी नाही. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलाचे वजन साधारण दोन ते अडीच किलो वाढते. ओकत असूनही रेघ वर जात असेल तर धीर धरता येतो. रेघ आडवी झाली की थांबू नये. वर्ष-दीड वर्षानंतरही अन्न वर येत राहिले तर बालरोगतज्ज्ञांनी एकदा नीट तपासलेच पाहिजे. उलटी हिरवी झाली, तिच्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, शौच काळे झाले, पोट फुगून टणक झाले, घास अडकू लागला, श्वास अडकून मूल निळे पडले किंवा सुस्त होऊन आठ-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रोज पहाटे उठल्याबरोबर उलटी आणि डोके धरून रडणे, हेही साधे नाही. आणखी एक. दोन आठवड्यांवर खोकला आणि न वाढणारे वजन यांना "ॲसिडिटीचा खोकला" म्हणून सोडून देऊ नये. दाटीच्या वस्त्यांत क्षयरोग अजून आहे, आणि त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आता आईविषयी. हे दुखणे बरे व्हायला महिने लागतात. या महिन्यांत रोज तीन-चार तास झोपणारी बाई सकाळी कुठे जाते? कुणी कंत्राटी सफाईच्या पाळीला, कुणी चार घरच्या धुण्याभांड्याला, कुणी शाळेत शिकवायला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब मानली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण ती नोकरदार बाईला. धुणेभांडी करणारीपर्यंत ती पोचत नाही. आणि जिला मिळते तिचीही सहा महिन्यांत संपते. हे मूल दीड वर्षाचे आहे. त्याच्या रात्रींसाठी ही रजा नाही. तिथे उरते घर.

घरातला पुरुष म्हणतो, मला सकाळी कामावर जायचे असते. तिलाही जायचे असते. घरीच असली तरी पाणी भरणे, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचे औषधपाणी हे कामच आहे. रात्रीची वाटणी करता येते. पहिली रात्र, म्हणजे दहा ते दोन, एकाने; दोन ते सहा दुसऱ्याने. मूल उठले की पाळी असणाऱ्याने उचलायचे, तोंड पुसायचे, खांद्यावर उभे धरून पंधरा-वीस मिनिटे फिरवायचे. अंगावर पाजायचे असेल तेवढ्यापुरते आईकडे द्यायचे आणि परत घ्यायचे. ओकलेले अंथरूण ज्याच्या पाळीत भिजले त्याने बदलायचे. पहिले काही दिवस मूल वडिलांकडे जास्त रडते, आणि मग आजी म्हणते, "दे गं तिच्याकडे, त्याला नाही जमायचं." जमते, मी पाहिले आहे. सलग चार तास झोप मिळालेली बाई आठवड्याभरात वेगळी दिसू लागते. तरीही ती सतत रडत असेल, जेवत नसेल, मुलाकडे पाहावेसे वाटत नाही असे म्हणत असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यावे.

आणि ओपीडीला जाताना वही घेऊन वडिलांनीही जावे. दहा ते दोनच्या पाळीत काय झाले, हे त्यांनाच सांगता येईल.