आधी मोजू द्या, मग शेक द्या

कर्करोगाच्या रुग्णालयात शेक, म्हणजे किरणोपचार, देणारा नवा लिनॅक आला की फीत कापली जाते आणि यंत्राची कोट्यवधींची किंमत बातमीत छापून येते. ते यंत्र तपासायला किती फिजिसिस्ट नेमले, त्यांना त्यासाठी दिवसातला किती वेळ मिळणार, हे कुणी विचारत नाही. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, सोलापुरात काम करते. तपासणीचा हा वेळ उपचाराचाच भाग आहे आणि तो रुग्णालयाच्या वेळापत्रकात राखून ठेवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पहिला रुग्ण आत येण्याआधी आम्ही टेबलावर प्लास्टिकच्या पाट्या रचतो, त्यांत किरणं मोजणारा आयन चेंबर बसवतो, ठरावीक किरणं सोडतो आणि आकडा वाचतो. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, म्हणून तापमान आणि दाब मोजून त्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे चेंबर पाचेक टक्के कमी दाखवतो. आता समजा कुणी घाईत बॅरोमीटर न बघता हवामानाच्या बातमीतला, समुद्रसपाटीला जुळवून दिलेला दाब धरला. यंत्र कमी मात्रा देतंय असं वाटून ती वाढवली जाईल आणि त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला पाच टक्के जास्त मात्रा जात राहील. कुठेही लाल दिवा लागणार नाही. रुग्णालाही त्या क्षणी काही जाणवणार नाही.

पाच टक्के म्हणजे किती? आमच्याकडे तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण सतत येतात. त्यांना साधारण 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा देतात, रोज 2 ग्रे, 35 वेळा, सात आठवडे. मज्जारज्जूला मात्र 45 ते 50 ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही. लाळग्रंथी जमेल तेवढी वाचवायची, म्हणजे पुढे त्या माणसाला भाकरीचा घास गिळता येईल. डॉक्टर स्कॅनवर गाठ आखून देतात आणि आम्ही संगणकावर मिलिमीटर-मिलिमीटरसाठी झगडतो. सत्तर ग्रेमधले पाच टक्के म्हणजे साडेतीन ग्रे. तेवढ्याने ती सगळी आखणी बिघडू शकते.

ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंडमधल्या एक्सटरच्या रुग्णालयात 1988 साली नवा कोबाल्ट स्रोत बसवताना मोजमाप चुकलं आणि 207 जणांना सुमारे 25 टक्के जास्त मात्रा गेली. पनामात 2000-01 मध्ये आखणीच्या संगणकात माहिती वेगळ्या पद्धतीने भरली गेली. 28 रुग्णांना जादा मात्रा मिळाली, काही त्याने दगावले. तिथली यंत्रं नीट चालत होती. आकडा दुसऱ्या कुणी, दुसऱ्या पद्धतीने पडताळला असता तर हे वेळीच लक्षात आलं असतं.

आपल्याकडे नियम चांगले आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटींनुसार फिजिसिस्टला रेडिओलॉजिकल फिजिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण आणि मग वर्षभराची इंटर्नशिप लागते. फिजिसिस्टशिवाय यंत्राला परवाना मिळत नाही. पण नेमणूक झाली की पुष्कळ ठिकाणी विषय संपतो. दिवसभर यंत्रावर रुग्ण, आणि सकाळच्या आकड्यापलीकडची सविस्तर तपासणी रात्री शेवटचा रुग्ण गेल्यावर, थकलेल्या डोळ्यांनी.

पूर्वी एका रुग्णालयात होते तेव्हा सकाळचा आकडा चार टक्क्यांनी सरकलेला दिसला. तीन टक्क्यांपुढे गेलं की उपचार थांबवायचे असतात. मी थांबवले. लगेच वरून फोन आला, ‘मॅडम, बाहेर किती लोक बसलेत माहीत आहे ना?’ माहीत होतं. पहाटेची एसटी पकडून आलेली माणसं होती ती, त्यांची मजुरी बुडत होती. शेक मध्येच लांबला तर गाठ पुन्हा जोर धरते, हेही मला फोन करणाऱ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणूनच तपासणी उरलेल्या वेळात ढकलायला माझा विरोध आहे. तिचे तास आधी राखले, तर बिघाड लवकर सापडतो आणि रुग्णांना आदल्या दिवशीच निरोप देता येतो.

सरकारी रुग्णालयासाठी यंत्र मंजूर करताना फिजिसिस्टची कायम पदं त्याच आदेशात मंजूर व्हावीत. आठवड्यातले काही तास यंत्र फक्त तपासणीसाठी असावं, आणि त्या तासांत रुग्णाला वेळ देता येणार नाही अशी सोय संगणकातच असावी. आकडा मर्यादेबाहेर गेला, तर यंत्र थांबवण्याचा अधिकार फिजिसिस्टला लेखी द्यावा. त्यासाठी कुणाच्या फोनची वाट पाहावी लागू नये.