तेलाचा उपदेश आणि साखरेचा डबा

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात' या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशातील वाढत्या लठ्ठपणाबद्दल चिंता व्यक्त केली आणि त्यावरचा उपायही सांगून टाकला : प्रत्येकाने खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा. दुसऱ्याच दिवशी या मोहिमेचे प्रचारक म्हणून दहा नामवंतांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात उद्योगपती होते, चित्रपटनट होते, खेळाडू होते, गायिका होती. अंगणवाडी सेविका मात्र एकही नव्हती. सत्ताधारी वर्ग जनतेच्या आहाराकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे सांगायला ही एक यादी पुरेशी आहे.

लठ्ठपणाचा प्रश्न खोटा नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार प्रमाणापेक्षा अधिक वजन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०.६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांखालील मुलांत ते २.१ वरून ३.४ टक्के झाले. परंतु त्याच पाहणीची पुढची पाने उलटली की दुसरे चित्र समोर येते. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे. ६७.१ टक्के बालके आणि ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी किमान पुरेसा आहार मिळतो तो केवळ ११.३ टक्क्यांना. उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणून मिरवणाऱ्या महाराष्ट्रात ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. दहा टक्के तेल कमी करण्याचा उपदेश नेमका यांतल्या कोणाला आहे?

सरकारी प्रचारक म्हणतील की हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. एक भुकेचा, दुसरा अतिखाण्याचा. येथेच खरी मखलाशी आहे. विज्ञानाने गेल्या अर्धशतकात दाखवून दिले आहे की हे दोन प्रश्न एकाच मुळातून फुटलेले आहेत.

भूक गर्भातच सुरू होते

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली आणि लोकांवर भीषण उपासमार लादली. त्या काळात गर्भात असलेली मुले एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली तेव्हा सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासण्यात आल्या. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी सर्वांना चकित केले. गर्भारपणाच्या पूर्वार्धात ज्यांच्या मातांना उपासमार सोसावी लागली होती, त्या तरुणांत लठ्ठपणा अधिक होता.

याहून जवळचा पुरावा पुण्यातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु हे बाळ केवळ लहान नव्हते. त्याचे स्नायू आणि पोटातील अवयव खुरटलेले, तर त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीकडे झुकलेले असे हे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. म्हणजे उद्याच्या रोगाचा पाया आईच्या पोटातच, आजच्या अभावाने घातला जातो.

या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष कामगार चळवळीने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची बाळे अधिक वजनाची निघाली. आणि ज्या मातांना गरोदरपणी शेतातली व घरातली जड कामे उपसावी लागली त्यांची बाळे लहान निघाली. ताटात भाजी व दूध येणे हे मजुरीच्या दरावर आणि बाजारभावावर ठरते. सातव्या महिन्यात खुरपे खाली ठेवता येणे हे तेवढे दिवस चूल पेटेल की नाही यावर ठरते. यातले काहीही त्या स्त्रीच्या 'सवयी'वर अवलंबून नाही.

मग या बाबतीत सरकारने काय केले? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ हा हक्क म्हणून दिला. २०१७ साली मातृवंदना योजना आली ती पाच हजार रुपयांची, आणि तीही फक्त पहिल्या अपत्यापुरती. २०२२ च्या सुधारणेने दुसऱ्या अपत्याचा समावेश झाला, पण ती मुलगी असेल तरच. दवाखान्यातील बाळंतपणासाठी मिळणारी रक्कम धरली की सहा हजारांची बेरीज जुळते, असा खुलासा सरकार करते. परंतु ती रक्कम वेगळ्या योजनेची, वेगळ्या हेतूची आहे. एका हक्काच्या तुटीत दुसरा लाभ ओतून हिशेब जुळवणे ही मुनीमगिरी झाली. संसदेने प्रत्येक मातेला दिलेला हक्क कार्यकारी आदेशाने कापला गेला, ही वस्तुस्थिती तिने झाकली जात नाही.

गोऱ्या बाळाला एक डबा, काळ्या बाळाला दुसरा

गर्भातून असे दुबळे होऊन आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की बाजार त्याची वाट पाहत उभा असतो. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' ही संस्था आणि बालआहाराबाबत काम करणारे आंतरराष्ट्रीय जाळे यांनी नेस्ले कंपनीच्या मालाची तपासणी प्रसिद्ध केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या तपासलेल्या प्रकारांत दर वाढणीमागे सरासरी जवळपास तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या बाळांसाठी तीच कंपनी विकत असलेल्या तशाच मालात अशी साखर नव्हती. कंपनीचे उत्तर ठरावीक होते : माल भारतीय कायद्याच्या मर्यादेत आहे आणि पाच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. त्यानंतर सहा महिन्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, साखर न घातलेले प्रकार भारतीय बाजारात आणण्याची घोषणा तिने केली.

या उत्तरानेच कंपनी उघडी पडते. साखरेवाचून हा माल बनवता येत होता, हे युरोपच्या दुकानांत सिद्धच होते. मग भारतातील बाळाला साखर का? कारण येथील कायदा ती चालू देतो, आणि सहाव्या महिन्यात जिभेला लागलेली गोडी पुढे बिस्किटाच्या, शीतपेयाच्या गिऱ्हाइकाची निश्चिती करते. गिऱ्हाईक पाळण्यातच पक्के करण्याचा हा व्यवहार आहे. आज भारतात लठ्ठपणा सुस्थित घरांत अधिक आहे हे खरे. परंतु युरोप-अमेरिकेत तो केव्हाच गरिबांच्या वस्तीत उतरला आहे. आणि येथेही पाच-दहा रुपयांच्या पुड्या आता वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या आहेत, जेथे डाळ, अंडे आणि दूध पोहोचत नाही.

साखरेचा परिणाम किती दूरवर जातो याचा दाखला ब्रिटनच्या इतिहासात आहे. युद्धकाळात सुरू झालेले साखरेचे शिधावाटप तेथे सप्टेंबर १९५३ मध्ये संपले आणि साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे शिधावाटपाच्या काळात गेलेल्या व्यक्तींना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्या मातांना कोणी संयमाचे प्रवचन दिले नव्हते. साखर किती विकली जाईल हे बाजाराऐवजी समाजाने ठरवले होते, आणि १९४० पासूनच्या राष्ट्रीय दूध योजनेने गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या वाट्याला स्वस्त दूध आले होते.

एकशे अठरा विरुद्ध एक

मक्तेदार कंपन्यांचा हा इतिहास नवा नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरमध्ये भर सभेत सांगितले होते की, दुधाच्या डब्यांच्या खोट्या प्रचाराने होणारे बालमृत्यू हे खून समजले पाहिजेत. १९७४ साली ब्रिटनमध्ये या धंद्यावर पुस्तिका निघाली. तिचे जर्मन भाषांतर काढणाऱ्या स्विस कार्यकर्त्यांवर नेस्लेने खटला भरला. १९७६ च्या निकालात त्यांना किरकोळ दंड झाला, परंतु न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या विक्रीपद्धतीचा फेरविचार करण्यास बजावले. १९७७ पासून बहिष्काराची चळवळ उभी राहिली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने डबाबंद दुधाच्या विक्रीवर बंधने घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. विरोधातले ते एकमेव मत अमेरिकेचे होते. २०१८ साली इक्वेडोर स्तनपानाच्या समर्थनाचा ठराव मांडू पाहत असता व्यापारी कारवाईची धमकी देऊन त्याला माघार घ्यायला लावणारी सत्ताही अमेरिकाच होती. रेगन गेले, ट्रम्प आले. डबेवाल्यांची वकिली तशीच राहिली.

भारतात डॉक्टर, ग्राहक संघटना व स्त्री कार्यकर्त्यांच्या रेट्याने १९९२ साली दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या विक्रीचे नियमन करणारा कायदा झाला. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अशा मालाची जाहिरात आणि डॉक्टरांच्या संघटनांना कंपन्यांकडून मिळणारी देणगी, दोन्हींवर बंदी आली. या कामासाठी झटणारे राष्ट्रीय जाळे डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाले, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. पण १९९४ साली मुंबईच्या एका ग्राहक संघटनेने या कायद्याखाली नेस्लेविरुद्ध तक्रार गुदरताच कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात कायद्यालाच आव्हान दिले, आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. कागदावरचा कायदा आणि त्याचा अंमल यांमधले अंतर भांडवलाच्या थैलीने भरले जाते.

उपदेशकांचा कावा

येथे एका भ्रमाचाही समाचार घेतला पाहिजे. डबेवाल्यांना विरोध करता करता काही सज्जन सगळा भार आईवर टाकतात : तिने अंगावर पाजले की सर्व आलबेल. स्तनपानाचे मोल निर्विवाद आहे. जुलाबासारख्या संसर्गापासून ते बाळाला वाचवते. परंतु ते लठ्ठपणावरचा ताईत नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सुमारे १७ हजार माता व बालकांवर सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत स्तनपानाला उत्तेजन दिल्याने पोटाचे संसर्ग घटले, मात्र पुढे मुलांच्या लठ्ठपणात घट दिसली नाही. एकट्या आईच्या कर्तव्यपालनाने समाजरचनेचा रोग बरा होत नाही, हाच त्याचा अर्थ.

आणि पाजायला आईजवळ वेळ कोणी ठेवला आहे? २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली ती संघटित नोकरीतल्या मूठभर स्त्रियांसाठी. वीटभट्टीवरची, घरकाम करणारी, शेतमजूर स्त्री त्यात नाही. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून निघणाऱ्या ऊसतोडणी कामगाराच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. घेतलेली उचल फेडायची असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटेच्या थंडीत आई फडात उतरते, तेव्हा तान्हे मूल पाचटावर किंवा खोपीत थोरल्या बहिणीच्या हवाली असते. गावच्या अंगणवाडीतला त्याचा शिधा गावातच राहतो. तिने तोडलेल्या उसाची साखर बाळांच्या डब्यात जाते आणि तिचे स्वतःचे बाळ वाढत नाही. त्या आईला 'सहा महिने निव्वळ अंगावर पाजा' असे भिंतीवर रंगवून सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

जे यंत्र या मातांपर्यंत पोहोचू शकते त्याची गत काय आहे? २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असे बजावले. २००६ साली ती प्रत्येक वस्तीत पोहोचवण्याचा आदेश दिला. तरीही २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात मोदी सरकारने या योजनेची तरतूद १८ हजार कोटींवरून सुमारे ८ हजार कोटींवर आणली. ओरड झाल्यावर ती वाढवावी लागली. २०१८ साली सेविकेसाठी केंद्राचे मानधन ठरले ते महिना ४,५०० रुपये. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. महाराष्ट्रातील सेविका व मदतनिसांना ४ डिसेंबर २०२३ पासून ऐन थंडीत संप करावा लागला. त्यावर सरकारची सुधारणा कोणती? २०२५ साली घरी न्यायच्या शिध्यासाठी मातेचा चेहरा फोनने ओळखण्याची सक्ती! चोरी ठेक्यात होते आणि तपासणी भुकेल्या आईच्या चेहऱ्याची होते.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. अन्न सुरक्षा कायद्यातील मातृत्व लाभ अपत्यांची अट न घालता प्रत्येक मातेला, आणि तोही प्रत्यक्ष मजुरी भरून निघेल एवढा मिळाला पाहिजे. ऊसफड, वीटभट्टी, बांधकाम येथे मालकाच्या खर्चाने पाळणाघर आणि स्थलांतरितांबरोबर चालणारी अंगणवाडी हवी. अंगणवाडीत ठेकेदाराच्या पाकिटाऐवजी ताजा शिजवलेला आहार, डाळ, अंडे व दूध हवे. सेविका-मदतनिसांना कर्मचाऱ्याचा दर्जा हवा. बालआहारात वरून साखर घालण्यास पूर्ण बंदी आणि १९९२ च्या कायद्याखाली फौजदारी कारवाई हवी. आणि पुड्यांवर चिलीने २०१६ पासून लावले तसे काळे इशारे हवेत. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात सुचवलेले शोभेचे तारे नकोत.

हे प्रश्न केवळ महिला आघाडीचे समजून बाजूला ठेवण्याची सवय कामगार व किसान संघटनांनी सोडली पाहिजे. मजुरीच्या दराची वाटाघाट ही गर्भातल्या बाळाच्या वजनाची वाटाघाट असते. तेल मोजून खाण्याचा सल्ला ज्यांच्या घरी तेल आहे त्यांनी घ्यावा. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांनी हिशेब मागायचा आहे तो सत्ताधाऱ्यांकडे आणि डबेवाल्यांकडे.