मैदानावरचे गुरुजी आणि त्यांचा कागद

मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा बारामती तालुक्याचा जिरायत पट्टा. पहाटे भरतीची तयारी करणारी पोरे येथे रस्त्याने पळतात, शाळा सुटली की मैदानात खो-खो आणि कबड्डी रंगते. शिकवणारा बहुधा गावातलाच जुना खेळाडू. शिट्टी स्वतःची, चुना वर्गणीचा आणि मानधन म्हणाल तर वर्षातून एकदा शाल-नारळ. हेच आपले पोटापाण्याचे काम का होऊ नये, असे आता या तरुणांना वाटू लागले आहे. वाटणे रास्तच आहे. पण प्रशिक्षक म्हणून नेमणूक हवी तर कागद लागतो आणि कोणता कागद, येथेच आपली मुले फसतात.

परिसरातील एका भगिनीची हकीकत सांगतो. बी.ए. झालेली, आंतरमहाविद्यालयीन कबड्डी गाजवलेली. एका खासगी संस्थेने तिला दोन दिवसांत 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक' करून देण्याचे कबूल केले. फी अठरा हजार रुपये. आई बचत गटातून कर्ज काढायला निघाली होती. ते माहितीपत्रक आमच्या हाती आले. चार पाने, सगळी रंगीत, पण मान्यता कोणाची याचा एका ओळीत उल्लेख नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे. मजकुराआधी शिक्का आणि जावक क्रमांक पाहतो. पैसे भरू नकोस, असे आम्ही तिला स्पष्ट सांगितले.

मग खरा कागद कोणता? पंजाबात पतियाळा येथे महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. आज तिला नेताजी सुभाष यांचे नाव आहे. तेथील एक वर्षाची प्रशिक्षण पदविका म्हणजेच खेळाडूंच्या तोंडचे 'एन.आय.एस.'. प्रवेशासाठी साधारणपणे पदवी, वरच्या दर्जाच्या स्पर्धांतील सहभाग आणि शारीरिक चाचणी पाहतात. त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. तो उपयोगी आहे, पण पदविकेची जागा घेत नाही. बी.पी.एड. ही निराळी वाट. तिने शाळेत शारीरिक शिक्षण शिक्षक होता येते; त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते, तीत मैदानी चाचणीही द्यावी लागते. आणि जिल्हा संघटनेची पंच परीक्षा दिली की माणूस पंच होतो, प्रशिक्षक नव्हे. छातीवर बिल्ला लावून फिरणाऱ्या आमच्या काही मित्रांना हे आवडणार नाही.

कोणी म्हणेल, आमच्या वस्तादाला कुठे पदविका होती? खरे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीतच घडले. पण १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादी नवी होती आणि नियमही नवे होते. तेथे त्यांना रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन मिळाले आणि ते सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. मातीने ताकद दिली, पण गादीवरचे गुण कसे मिळतात हे जाणणारा माणूसही लागतोच. शिवाय पोराचा गुडघा दुखावला तर त्याला पळवायचे की बसवायचे, हे नुसत्या अनुभवाने दरवेळी कळत नाही.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १९८५ साली केंद्र सरकारने प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि त्याला नाव दिले द्रोणाचार्यांचे! पहिल्या मानकऱ्यांत आपल्या कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, पी. टी. उषाला घडवणारे ओ. एम. नांबियार होते. या माणसांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण लाडक्या राजपुत्राचा पहिला नंबर टिकावा म्हणून दुसऱ्याचा अंगठा मागणारा गुरू, हा प्रशिक्षकाचा आदर्श कसा? खो-खोवाल्यांनी बरे केले. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्तम पुरुष खेळाडूला ते एकलव्य पुरस्कार देतात. आज अंगठा कोणी मागत नाही, अठरा हजार मागतात.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिला संघाने तो प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, पुरुष संघाने प्रतीक वाईकरच्या. हे पाहून वस्तीतल्या मुली मैदानात येऊ लागतात. पण संध्याकाळी सहानंतर आई विचारते, शिकवायला बाई आहे का? बाई असेल तर मुलगी थांबते, नसेल तर आठवीनंतर तिचा खेळ सुटतो. त्या भगिनीने पदविका घ्यावी, असा आमचा आग्रह आहे तो यासाठी.

पैशांचे म्हणाल तर बी.पी.एड.सारख्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे ना, हे प्रवेशाआधी विचारावे. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत रांग लावली तर अर्जाची मुदत रांगेतच संपते.