घरांतील शास्त्र : महाग तारेनें गाणें गोड होतें काय ?

एका वाचक भगिनींनीं कळविलें आहे कीं, त्यांच्या धाकट्या दिरांनीं अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत नेण्याच्या तारांवर चाळीस हजार रुपये खर्चण्याचें योजिलें आहे. मामंजींना तें मुळींच पसंत नाहीं, आणि या तारेपायीं बापलेकांचें बोलणें जवळजवळ बंद झालें आहे. दीर म्हणतात, दुकानांत त्या तारेवर ऐकिलें तेव्हां तंबोरा समोर बसून छेडल्यासारखा वाटला. मामंजी म्हणतात, पैसे उधळण्यास निमित्त हवें. पैसा एकत्र कुटुंबाचा, तेव्हां प्रश्नही एकट्या दिरांचा नाहीं. म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

तारेचें काम एवढेंच कीं, आलेला विद्युत्प्रवाह जसाच्या तसा पुढें पोंचविणें. त्यांत मुख्य अडथळा तारेच्या रोधाचा. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पांच मीटर लांब घेतली, तर जाऊन येऊन दहा मीटरांचा रोध सुमारें ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा रोध बहुधा ८ ओहम. कांहीं स्वरांना तो निम्म्यावर येतो, तरीही तारेचा वांटा शेंकडा दोनांच्या आंतच राहतो. एवढ्यानें आवाजांत पडणारी घट डेसिबेलच्या एकदोन दशांशांपलीकडे जात नाहीं. चांदीची तार म्हणाल, तर चांदी तांब्याहून अवघी शेंकडा सहा सरस आहे. तांब्याची तार किंचित् जाड घेतली कीं तोच लाभ होतो.

तारेचे गुणदोष खरे जाणवतात ते लांबीनें. १८५८ सालीं अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकिली, तेव्हां व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोंचावयास सुमारें सोळा तास लागले. परंतु तें अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक होतें. आपली बैठकीची खोली फार तर वीस फूट.

तर मग दीर खोटें बोलतात काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि मामंजींनींही तसें म्हणूं नये. दोन आवाजांपैकीं एक किंचित् मोठा असला, तर तो मोठा न वाटतां अधिक स्वच्छ वाटतो, हा कानाचा स्वभावच आहे. किंमत आधीं कळलेली असली म्हणजे मन कानाच्या पुढें धांवतें. शिवाय जुनी तार काढून नवी घट्ट बसविली, कीं जोडावरचा मळ निघून खरीच सुधारणा होते. श्रेय मात्र नव्या तारेस मिळतें.

येथें कोणी जाणकार विचारतील, जवारीचें सूत घोडीवर केसभर सरकविलें कीं सारा तंबोरा बोलूं लागतो. कवडीमोल सूत एवढें करतें, तर मोलाची तार कां करणार नाहीं? शंका रास्त आहे. परंतु सूत तारेचें कंपनच बदलतें, म्हणजे नाद जेथें जन्मतो तेथें तें हात घालतें. विजेच्या तारेकडे तयार झालेला नाद केवळ वाहून नेण्याचें काम आहे. याला एक अपवाद सांगितला पाहिजे : ज्यांच्याकडे तबकड्यांचें यंत्र आहे, त्यांनीं त्याच्या सुईकडून येणारी तार निवडतांना यंत्राच्या पुस्तिकेंतील सूचना अवश्य पाहाव्या. तेथें तारेच्या गुणानें वरचे स्वर खरोखर बदलतात.

अमेरिकेंतील जेम्स रँडी यांनीं २००७ सालीं सात हजार डॉलरांहून अधिक किंमतीची तार नुसत्या कानानें ओळखून दाखविणारास दहा लक्ष डॉलर देऊं केले होते. अटींवरून पुष्कळ वादावादी झाली आणि परीक्षा झालीच नाहीं, तेव्हां त्यावरून आम्ही निकाल काढीत नाहीं. परीक्षा घरींच करावी.

दुकानदाराकडून ती तार परत करण्याच्या बोलीवर चार दिवस आणावी. तटस्थ माणसानें पडद्याआड बसून नाणें उडवावें. छाप पडल्यास एक तार, कांटा पडल्यास दुसरी जोडावी. जोडतांना यंत्र बंद असावें, आणि आवाजाच्या खुंटीस हात लावूं नये. दिरांनीं केवळ ऐकून तार कोणती तें सांगावें. अशा सोळा खेपा कराव्या. बारा किंवा अधिक उत्तरें बरोबर आलीं, तर तें निव्वळ नशिबानें घडण्याचा संभव शेंकडा चारांहून कमी. मग मामंजींनीं हट्ट सोडावा. आठ-नऊच बरोबर आलीं, तर दिरांनीं तार परत करावी.

खोलीकडे मात्र कोणी पाहत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. उघडी फरशी, कांचेचीं दारें आणि कपाटांत कोंबलेले स्पीकर असले, म्हणजे कोणतीही तार काय करणार ! स्पीकर कपाटांतून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढें, बसणाराच्या कानाच्या उंचीवर ठेवावे, समोर जाड सतरंजी अंथरावी, दारांवर पडदे सोडावे आणि मग तेंच गाणें पुन्हां लावावें.