प्लेट गटातील विक्रमांचे मोल कसे ठरवायचे?

रणजी स्पर्धेच्या २०१८-१९ च्या मोसमात बिहारचा डावखुरा फिरकी गोलंदाज आशुतोष अमन याने ६८ बळी घेतले आणि बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ पासून अबाधित असलेला ६४ बळींचा विक्रम मोडला. प्रत्येक बळीमागे त्याने सात धावाही दिल्या नव्हत्या. त्याच मोसमात सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारने १३३१ धावांचा डोंगर रचला. दोघांचीही कामगिरी प्लेट गटातली, म्हणजे रणजीच्या दुय्यम श्रेणीतली. भारतीय संघाचे दार दोघांनाही उघडले नाही. मिलिंद कुमार पुढे अमेरिकेच्या संघातून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला. निवड समितीने या आकड्यांकडे पाठ फिरवली, हा अन्याय म्हणायचा की विवेक?

या प्रश्नाचे एक उत्तर नागपुरातच मिळाले होते. त्या मोसमात नऊ नवे संघ प्लेट गटात दाखल झाले. त्यात अव्वल ठरलेला उत्तराखंड जानेवारी २०१९ मध्ये उपांत्यपूर्व फेरीसाठी जामठ्याच्या मैदानावर आला. पहिल्या डावात ३५५ धावा करून त्याने विदर्भाला थोडे चकितही केले. मग विदर्भाने ६२९ धावा काढल्या. चाळिशी ओलांडलेल्या वासिम जाफरने त्यात २०६ धावांची भर घातली. उमेश यादव आणि आदित्य सरवटे यांच्यापुढे उत्तराखंडचा दुसरा डाव १५९ धावांत आटोपला. एक डाव आणि ११५ धावांचे हे अंतर एका मोसमात भरून निघणारे नव्हते.

अंतर किती विषम असू शकते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातही दिसले. पर्वरी येथे अरुणाचल प्रदेशाविरुद्ध स्नेहल कौठणकर आणि कश्यप बखले यांनी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. दोघांचीही त्रिशतके झाली. ज्या संघाचे दोन डाव ८४ आणि ९२ धावांत संपले, त्याच्या गोलंदाजीवर काढलेल्या या धावा विक्रमाच्या वहीत जरूर लिहाव्यात. पण त्यावरून फलंदाज किती घडला हे सांगता येत नाही.

तथापि प्लेट गट म्हणजे केवळ दुबळ्यांचा मेळा, असे म्हणण्याचा अधिकार नागपूरकरांना तरी नाही. २००२-०३ मध्ये ही विभागणी झाल्यावर विदर्भाची कित्येक वर्षे तिथेच गेली. तेव्हाचा प्लेट गट वेगळा होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९८६-८७ चा विजेता हैदराबाद २०१०-११ मध्ये तिथे खेळत होता आणि राजस्थानने त्याला अवघ्या २१ धावांत गुंडाळले. दीपक चहरने आठ बळी घेतले. प्लेटमधूनच वर आलेल्या त्या राजस्थानने त्या वर्षी करंडकही जिंकला. तेव्हा गटाचे नाव पाहून कामगिरी तोलणे व्यर्थ आहे. त्या वर्षी समोर कोण होते, ते पाहावे लागते.

नाव पाहूनच तोलण्याची सवय कोणाला महाग पडली असेल, तर ती फैज फजलला. २००३ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध पदार्पणातच १५१ धावा करणारा हा सलामीवीर २०२४ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीतील नऊ हजारांहून अधिक धावा होत्या. भारतासाठी मात्र एकच एकदिवसीय सामना: २०१६, हरारे, नाबाद ५५. त्याच्या सुरुवातीच्या धावा दुय्यम गटातल्या होत्या हे खरे; पण २०१७-१८ मध्ये विदर्भाला पहिले रणजी विजेतेपद मिळवून देताना याच फलंदाजाने ९१२ धावा केल्या, आणि तोवर त्याचे वय उलटून गेले होते. याउलट उमेश यादव. खापरखेड्याच्या परिसरातील कोळसा कामगाराचा हा मुलगा २००८ मध्ये विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला आणि २०११ मध्ये कसोटीपटू झाला. वेग डोळ्यांना दिसतो, समोरचा फलंदाज कोणत्याही गटातला असो. सलामीवीराचा संयम तसा दिसत नाही. तो पाहायला कोणीतरी दिवसभर मैदानावर बसावे लागते. दुय्यम गटाच्या सामन्यांना किती निवडकर्ते दिवसभर बसतात?

आकडे कसे वाचावेत, याचा वस्तुपाठ २०२५ च्या दुलीप करंडकात मिळाला. मध्य विभागाकडून विदर्भाच्या दानिश मालेवारने ईशान्य विभागाविरुद्ध २०३ धावा केल्या; अंतिम सामन्यात दक्षिण विभागाविरुद्ध विदर्भाच्याच यश राठोडने १९४. आमच्या मते नऊ धावांनी कमी असलेली खेळी मोठी. पण म्हणून मालेवारला कमी लेखू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भ ३ बाद २४ असा अडचणीत असताना त्याने केलेल्या १५३ धावाच त्याच्या प्रगतीचा खरा दाखला आहेत.

त्याच मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन आशुतोष अमनचा विक्रम एका बळीने मागे टाकला. अंतर एकाच बळीचे, पण दुबेला त्यासाठी प्रत्येक बळीमागे अमनच्या अडीच पटीहून अधिक धावा मोजाव्या लागल्या. वरवर पाहता तो महाग ठरला. प्रत्यक्षात तो बाद फेरीपर्यंत तगड्या फलंदाजांना गोलंदाजी करत होता.

विदर्भाच्या यशात पाहुण्या खेळाडूंचा वाटा किती, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. जाफर, गणेश सतीश आणि नंतर करुण नायर, ध्रुव शोरी ही बाहेरून आलेली नावे. जाफरसारखा ज्येष्ठ शेजारच्या टोकाला उभा असणे हेही शिक्षण आहे, हे मान्य. मात्र पाहुण्याने भरलेली जागा स्थानिक मुलाची असते. नायर कर्नाटकात परतला; २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी महाराष्ट्राकडे गेला. त्यांच्या जागी विदर्भाच्याच वयोगट संघांतून किती मुले वर येतात आणि वरच्या गटात दुसऱ्या-तिसऱ्या मोसमातही ती किती टिकतात, हे मोजण्यासारखे आहे. पहिल्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांनी पाहिलेले नसते. कच्चे दुवे उघडे पडतात ते दुसऱ्या मोसमात. दुबे, राठोड आणि मालेवार यांच्याकडेही आता त्याच नजरेने पाहावे लागेल.