मायना

मराठी शिकवण्याचा व्यवसाय पत्करलेल्या माणसाला पत्रलेखन काही चुकत नाही. 'ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.' असे फळ्यावर लिहिले, की वर्गात खसखस पिकते. एवढी अक्षरे खर्चून सांगितले काय, तर नमस्कार! मुलांचे अगदीच चुकते असे नाही. पण त्या तुटक अक्षरांत एक मोठी सोय होती. आपण कोणाशी बोलत आहोत, हे लिहिणाऱ्याला पहिल्याच ओळीत स्वतःला बजावावे लागे. वडील असतील तर तीर्थरूप, धाकटा असेल तर चिरंजीव, अपरिचित असेल तर निदान 'महाशय'. समोर माणूस उभा राहिला, की वाटेल ते लिहिणारा हात थोडा आखडतोच.

व्हॉट्सॲपवर हा मायनाच गळाला. रात्री अकराला अनोळखी क्रमांकावरून मला हुकूम येतो : 'सर नोट्स पाठवा.' 'आपण कोण?' असे विचारावे, तर उत्तरादाखल एक उंचावलेला अंगठा येतो! हेही एक वेळ सोसता येईल. पण मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डावर पूर्वी 'श्री' लिहीत नसत. कार्ड हाती पडताच वाचणारा सावध होई. आता नातेवाइकांच्या ग्रूपवर कोणाची आई गेल्याचे कळते, खाली पाचसात जोडलेले हात उमटतात आणि पाठोपाठ एक विनोद येऊन आदळतो. पाठवणारा दुष्ट नसतो. त्याने वरचे वाचलेलेच नसते, इतकेच.

या माध्यमाच्या रीतभातीचा एक दस्तऐवज १९९५ सालीच निघाला. 'आरएफसी १८५५' हे त्याचे रुक्ष नाव. मन प्रक्षुब्ध असेल तर उत्तर रात्रभर थांबून पाठवा, आणि सारा मजकूर कॅपिटल अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखे वाटते, असे त्यात सांगितले आहे. आपल्या देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. पण मराठी माणूस त्यावाचून अडत नाही. तो पाच उद्गारचिन्हे देऊन ओरडतो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता, तर ऐन फराळाच्या वेळी मी तो काढला नसता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. असल्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने, भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

यंत्राने आपल्यापुरते कुंपण घातले. पण पाच ठिकाणी धाडायलाही एक बोट पुरते, आणि ते बोट आपले असते. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कोणाविषयी काही पुढे धाडण्यापूर्वी, तो मजकूर त्याच माणसाला पाठवायचा आहे असे समजून मनात मायना लिहून पाहावा. हात अडखळला, तर मजकूर तिथेच थांबवावा.

आणि यंदा दिवाळीच्या शुभेच्छा धाडाल, त्या प्रत्येकाचे नाव वर लिहून धाडा. यादी आपोआप आखूड होईल. होईना! ज्यांची नावे उरतील, त्यांना तरी ते पत्र आपल्याचसाठी लिहिले आहे हे कळेल.